नकाशावरील हिरवा रंग कोणाच्या भरवशावर?
हरित पट्ट्यातील घरबांधणीचा वाद समजून घेताना

खास प्रतिनिधी
छत्रपती संभाजीनगर

शहराचा विकास आराखडा हा विषय निघाला की सर्वसामान्य नागरिक साधारणपणे त्यापासून चार हात दूरच राहतो. मात्र याच आराखड्यातील एखाद्या गटाचा रंग हिरव्याचा पिवळा झाला, की त्या जमिनीचा भाव एका रात्रीत अनेक पटींनी वाढतो. म्हणूनच हरित पट्ट्यावर घरे होऊ द्यावीत की नाही, हा वाद या शहरात वर्षानुवर्षे धुमसत राहिला आहे. त्यात पर्यावरण आहे, घराची गरज आहे आणि पैसाही आहे. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून पाहिल्याशिवाय वादाचे मर्म कळणार नाही.

हिरवा म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रत्येक महापालिकेला विकास आराखडा तयार करावा लागतो. या आराखड्यात निवासी भाग पिवळ्या, तर शेती व ना-विकास विभाग हिरव्या रंगाने दाखविला जातो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उद्यान, मैदान किंवा शाळेसाठी टाकलेले आरक्षण वेगळे आणि हरित पट्टा वेगळा. आरक्षित जमीन ताब्यात घेणे संबंधित यंत्रणेवर बंधनकारक असते. दहा वर्षांत ते झाले नाही, तर मालक कलम १२७ अन्वये नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत कार्यवाही न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते.

हरित पट्ट्यातील जमीन मात्र शेतकऱ्याच्याच मालकीची राहते. तिच्यावर काय बांधता येणार नाही, एवढेच आराखडा सांगतो. ती हिरवी राखण्यासाठी मालकाला काही मोबदला देत नाही. ब्रिटनमध्ये लंडनभोवतीची जमीन मोकळी राखण्यासाठी १९३८ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. शहर पसरत जाऊ नये, हा तेथील हरित पट्ट्यामागचा उघड हेतू होता. आपल्याकडील हिरव्या रंगाचा अर्थ व्यवहारात ‘येथे कधीच नाही’ असा नसून ‘येथे अद्याप नाही’ असाच राहिला आहे. वादाचे मूळ नेमके येथे आहे.

गुंठेवारीचा मागचा दरवाजा

साठच्या दशकापासून चिकलठाणा आणि ऐंशीच्या दशकात वाळूज येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून कामगार शहरात आला. सिडकोने नवे औरंगाबाद वसविले खरे, पण सर्वांना तेथे घर मिळणे शक्य नव्हते. डिसेंबर १९८२ मध्ये महापालिका स्थापन झाली आणि भोवतालची गावे तिच्या हद्दीत आली. २००१ च्या जनगणनेत ८ लाख ७३ हजार असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ११ लाख ७५ हजारांवर गेली.

या गरजेतून ‘वीस बाय तीस’चे प्लॉट पाडण्याचा धंदा फोफावला. तुकडेबंदी कायद्यामुळे इतक्या लहान तुकड्याचे खरेदीखत नोंदविण्यात अडचण येत असे. त्यामुळे बॉण्ड पेपरवर व्यवहार होत गेले. विकणारा पैसे घेऊन मोकळा झाला. घेणाऱ्याच्या वाट्याला रस्ता, ड्रेनेज आणि नळ यांची प्रतीक्षा आली. शहरात अशा शंभराहून अधिक वसाहती उभ्या राहिल्या. राज्य शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला. त्यातील १ जानेवारी २००१ ही मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणण्यात आली. कायद्याने सर्वच बांधकामांना सरसकट अभय मिळत नाही, हे खरे. तरीही मुदत एकदा वाढली की पुन्हा वाढेल, ही आशा बाजारात जिवंत राहतेच.

आराखड्याचा पुढचा दरवाजा

दुसरा मार्ग आराखड्यातूनच जातो. शहराच्या विस्तारित हद्दीचा सुधारित आराखडा तयार झाल्यानंतर महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने त्यात केलेले बदल वादग्रस्त ठरले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये खंडपीठाने तो आराखडा रद्द केला. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. अखेर २०२४ मध्ये मूळ शहर आणि विस्तारित हद्द यांचा एकत्रित प्रारूप आराखडा नव्याने प्रसिद्ध करण्यात आला. मधल्या काळात शहर थांबले नाही. आराखडा तेवढा थांबला. मंजूर रेखांकनाची वाट बंद झाली की लोक बॉण्ड पेपरच्या वाटेने जातात, हा त्या वर्षांचा धडा आहे.

दोन्ही बाजू

जमीनमालकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. शेजारचा गट पिवळा झाला, तेथे इमारती उभ्या राहिल्या, त्यांचे सांडपाणी शेतात शिरू लागले. मग आम्हीच शहराच्या मोकळ्या हवेचा भार का वाहायचा, असा त्यांचा सवाल असतो. बांधकाम व्यावसायिक सांगतात, की मंजूर रेखांकनात किमान दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, रस्ते ठेवावे लागतात. गुंठेवारीत यांपैकी काहीच नसते.

उलट बाजूचा मुद्दा पाण्याचा आहे आणि तो या शहरात सर्वांत जड आहे. शहर बेसॉल्ट खडकावर वसलेले आहे. पाऊस मुरतो तो वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकांच्या भेगांत. हा थर सिमेंटखाली गेला, की विहिरी आटतात आणि तेच पाणी खाम व सुखना नद्यांच्या पात्रांकडे वेगाने धावते. पिण्याचे पाणी तर पैठणहून, जायकवाडी धरणातून उपसून आणावे लागते. २०२० मध्ये भूमिपूजन झालेल्या नव्या पाणीपुरवठा योजनेचा १,६८० कोटी रुपयांचा खर्च पुढे २,७४० कोटींवर गेला. असे असताना नवी वस्ती वसविताना तिचे पाणी कोठून येणार, हा प्रश्न पहिला असायला हवा. तो बहुधा शेवटी विचारला जातो.

शहराच्या मध्यभागी असलेली सुमारे ३०० एकरांची हिमायतबाग टिकून आहे, त्याचे कारणही लक्षात घेण्याजोगे आहे. ती केवळ नकाशावर हिरवी नाही. तेथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे, म्हणजेच त्या हिरवळीला कोणी तरी धनी आहे. शहराच्या कडेच्या शेतीला असा धनी नाही.

निर्णय कोठे होतो?

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत कोणालाही लेखी हरकत घेता येते. नियोजन समितीपुढे तिची सुनावणी होते आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते. मंजुरीनंतरही कलम ३७ अन्वये फेरबदल करता येतात. त्यासाठीही हरकती मागविण्याची तरतूद आहे. अडचण अशी, की या सूचना बारीक अक्षरांत प्रसिद्ध होतात आणि ज्यांना लाभ व्हायचा असतो तेच त्या बारकाईने वाचतात. प्लॉट घेणाऱ्याने तर इसार देण्यापूर्वीच नगररचना विभागाकडून त्या गटाचा झोन दाखला मागितला पाहिजे. दलालाच्या ‘लवकरच यलो होणार आहे’ या शब्दाला कायद्यात काहीही किंमत नाही.

शहर वाढणारच आहे आणि काही हिरवे पिवळे करावे लागणार, हेही नाकारता येत नाही. मात्र असा प्रत्येक बदल करताना पाणी, रस्ता, शाळा व खुली जागा यांचा हिशेब लोकांपुढे मांडला गेला पाहिजे. तसेच जी जमीन खरोखरच मोकळी राखायची आहे, तिच्या मालकाला त्याचे मोल मिळाले पाहिजे. या दोन गोष्टी झाल्या नाहीत, तर हिरवा रंग नकाशापुरताच उरेल आणि त्याची किंमत बॉण्ड पेपर जपून ठेवणारा कामगारच मोजत राहील.