किशोरवयीन मुलांना जबाबदारीने निर्णय घ्यायला कसे शिकवाल?

दवाखान्यात १२-१३ वर्षांचे मूल समोर बसते. ‘काय होतंय?’ हा प्रश्न त्याला विचारलेला असतो, उत्तर मात्र आई देते. कधीपासून दुखते, काल काय खाल्ले, झोप लागते का, सगळे आईच सांगते. यात आईची काळजीच असते. पण हेच मूल थोड्या दिवसांनी शाळेमागच्या टपरीपाशी, मित्राच्या स्कूटरजवळ किंवा मोबाइलवर आलेल्या एखाद्या मेसेजसमोर एकटे असणार आहे. तिथे त्याच्या वतीने उत्तर द्यायला कोणी नसते.

निर्णय घेणे सायकल चालवण्यासारखे सरावाने येते. हा सराव १० ते १४ या वयात घरातच सुरू करायला हवा.

या वयात मेंदूत काय घडते?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हा काळ किशोरावस्था मानते. या काळात मजा, उत्सुकता आणि मित्रांकडून मिळणारी वाहवा यांना प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग लवकर सक्रिय होतो. थांबून विचार करायला लावणारा कपाळामागचा भाग मात्र वयाच्या पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो.

अमेरिकेतील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ दिला होता. मित्र सोबत असताना किशोरवयीन मुलांनी एकटे असतानापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. प्रौढांमध्ये असा फरक फारसा दिसला नाही.

म्हणजे ‘एवढे समजावले तरी कळत नाही’ हे पूर्ण खरे नाही. घरी शांतपणे विचारले तर मूल बरोबर उत्तर देते. चार मित्र बघत असताना तेच उत्तर वापरणे त्याला अवघड जाते. म्हणून नुसता उपदेश पुरत नाही, त्या क्षणाची तयारी आधी करून घ्यावी लागते.

निर्णयांचे तीन भाग करा

मुलासोबत बसून कोणते निर्णय कोणाचे, हे ठरवा.

१. मुलाचे निर्णय: कपडे, केस, छंद, कोणता विषय आधी अभ्यासायचा, खाऊचे पैसे कसे खर्च करायचे. इथे चूक झाली तरी नुकसान थोडे असते. महिन्याचे पैसे १० दिवसांत संपले तर लगेच भर घालू नका. उरलेले २० दिवस जे शिकवतील ते आपण बोलून शिकवू शकत नाही.

२. दोघांनी मिळून घ्यायचे निर्णय: मोबाइलची वेळ, झोप, क्लास, मित्राकडे राहायला जाणे. झोपेचे उदाहरण घ्या. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. शाळेसाठी ६ वाजता उठायचे असेल तर १० पर्यंत झोप लागलीच पाहिजे. हा हिशेब मुलालाच करू द्या. मग मोबाइल किती वाजता बाहेरच्या खोलीत ठेवायचा, हेही त्यालाच ठरवू द्या. आठवडाभर करून बघा आणि रविवारी दोघांनी मिळून काय जमले, काय नाही ते पाहा.

३. ज्यात सूट नाही असे निर्णय: तंबाखू, दारू, गाडी चालवणे, मनाने औषधे घेणे. इथे नियम ठाम ठेवा, पण कारण सांगा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली आहे. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे’ असे मुले म्हणतात. पण नुसत्या सुपारीनेही तोंडाच्या आतील त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासे होते आणि कर्करोगाचा धोका वाढतो.

निर्णयापूर्वीचे चार प्रश्न

लहानसहान गोष्टींत हे प्रश्न विचारायची सवय लावा:

• मला हे आत्ताच ठरवायला हवे का?
• आणखी कोणता मार्ग आहे?
• उद्या सकाळी मला याबद्दल काय वाटेल?
• हे मी घरी सांगू शकेन का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर तिथे थांबायचे. कोणी ‘घरी सांगू नकोस’ असे म्हटले, तर ती गोष्ट घरी सांगायचीच, हे मुलाच्या मनात पक्के करा.

‘नाही’ म्हणण्याचा सराव

ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून वाक्ये आधीच तयार ठेवा. तुम्ही मित्र व्हा आणि मुलाला उत्तर देऊ द्या.

टपरीवर: ‘मला नको. मॅच आहे, चल.’
स्कूटरवर: ‘तू चालवणार असशील तर मी चालत येतो.’
मोबाइलवर: ‘असले फोटो मी कोणालाच पाठवत नाही.’

वाक्य मुलाच्या भाषेतले असावे, आपल्या नव्हे. शिवाय एक सोय करून ठेवा: कुठेही अडकलास तर ‘मला घ्यायला या’ एवढा फोन कर, त्या रात्री कोणी प्रश्न विचारणार नाही. हा शब्द आपण पाळायचा. बोलणे दुसऱ्या दिवशी, शांतपणे.

चूक झाल्यावर

चूक होणारच. मारले किंवा चारचौघांत अपमान केला तर मूल पुढच्या वेळी चूक टाळेलच असे नाही, पण ती लपवेल. ‘असे का केलेस?’ ऐवजी ‘तेव्हा काय झाले? पुढच्या वेळी काय वेगळे करशील?’ असे विचारा. मुले आपलेही निर्णय पाहत असतात. वडील हेल्मेट हँडलला अडकवून गाडी चालवत असतील, तर मुलाला सांगितलेला नियम टिकत नाही.

डॉक्टरांची मदत कधी घ्यावी?

मूल सतत गप्प किंवा चिडचिडे असेल, झोप-भूक बदलली असेल, अभ्यास अचानक घसरला असेल, व्यसनाची शंका असेल किंवा अंगावर स्वतः केलेल्या जखमा दिसत असतील तर वाट पाहू नका. ‘जगावेसे वाटत नाही’ हे शब्द कधीही धमकी समजून सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा आणि तोवर मुलाला एकटे ठेवू नका. ‘टेलीमानस’ची १४४१६ ही मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. अनेक सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकही असते.

तपासणीच्या वेळी मुलाला आपली तक्रार स्वतः सांगू द्या, राहिलेले तुम्ही नंतर जोडा. डॉक्टरांनी त्याच्याशी काही मिनिटे एकट्याने बोलू का असे विचारले तर हरकत घेऊ नका. ते बोलणे साधारणपणे गुप्त ठेवले जाते. मात्र जिवाला धोका किंवा लैंगिक अत्याचार असे काही समोर आले तर मुलाच्या सुरक्षेसाठी ते योग्य व्यक्तींना सांगावेच लागते, आणि डॉक्टर हे मुलाला आधीच स्पष्ट करतात.

या आठवड्यात एकच गोष्ट करा: आजवर तुम्ही घेत होता असा एक छोटा निर्णय मुलाकडे सोपवा आणि आठवडाभर त्यात बोलू नका.