दुर्बिणीचा स्क्रू कसा ओळखावा?

सुताराकडून लाकडी स्टँड करून घेतला, तरी शाळेची लहान दुर्बीण किंवा कॅमेरा त्यावर बसवण्यासाठी स्क्रू लागतोच. तो चुकीचा निवडला तर उपकरण खाली पडू शकते, नाहीतर त्याच्या भोकातील आटे कायमचे खराब होतात. मग योग्य स्क्रू कोणता?

कॅमेऱ्याच्या तळाशी असलेले भोक बहुधा पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूसाठी असते. दुकानात सहज मिळणारा ६ मिलिमीटरचा बोल्ट दिसायला जवळजवळ तसाच असतो. परंतु स्क्रूची ओळख केवळ व्यासावरून होत नाही. दोन लगतच्या आट्यांतील अंतरही पाहावे लागते. त्याला पिच म्हणतात. स्क्रू एका वेढ्यात तेवढाच पुढे सरकतो.

कॅमेऱ्याच्या स्क्रूला एका इंचात २० आटे असतात. म्हणून त्याचा पिच २५.४ ÷ २० = १.२७ मिलिमीटर. नेहमीच्या ६ मिलिमीटर बोल्टचा पिच मात्र १ मिलिमीटर. प्रत्येक वेढ्याला ०.२७ मिलिमीटरचा फरक साठत जातो. बोल्ट किंचित बारीक असल्यामुळे सुरुवातीला सैलसर आत जातो. पण दोन-तीन वेढ्यांतच त्याचा कंगोरा समोरच्या खाचेत न बसता कंगोऱ्यावर येतो आणि बोल्ट अडकतो. अशा वेळी पाना लावून जोर केला, की भोकातील नरम ॲल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे आटे गेलेच म्हणून समजा.

आपल्याकडे मेट्रिक पद्धत असताना हे इंचाचे माप कुठून आले? इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांची प्रमाणित मापे सुचवली. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली आपली पद्धत मांडली. पहिल्या पद्धतीत आट्याचा कोन ५५ अंश, तर दुसरीत ६० अंश. पाव इंची स्क्रूला मात्र दोन्हींत इंचाला २० आटेच आहेत. म्हणून दुकानदार ज्याला ‘दोन सूत’ म्हणतो, तो व्हिटवर्थ आट्यांचा बोल्टही एवढ्या थोड्या लांबीत सहसा चालून जातो. मोठ्या ट्रायपॉडवर तीन सूत, म्हणजे ३/८ इंचाचा स्क्रू असतो. त्याला इंचाला १६ आटे. त्यावर पाव इंची भोकाचे उपकरण बसवायचे असल्यास मध्ये जोडतुकडा लागतो.

वर्गात करून पाहा. दोन्ही बोल्ट आपापल्या नटमध्ये दहा पूर्ण वेढे फिरवा आणि प्रत्येक किती सरकला ते पट्टीने मोजा. एक १० मिलिमीटर सरकेल, दुसरा सुमारे १२.७. नंतर दोन्ही बोल्ट शेजारी धरून आटे एकमेकांत बसवा आणि उजेडाकडे पाहा. पिच वेगळा असल्याने मधून फटी दिसतील.

स्क्रूची लांबीही तपासावी. तो भोकाच्या तळाला टेकला, तर उपकरण घट्ट बसत नाही. अशा वेळी वायसर घालावेत. शेवटी एकच नियम लक्षात ठेवावा: योग्य स्क्रू बोटांनीच शेवटपर्यंत आत जातो. न गेल्यास जोर न लावता स्क्रू बदलावा.