बारा बिऱ्हाडांचे ऊन पाणी

पूर्वी अनेक घरांच्या न्हाणीघरात पाणी तापविण्यासाठी तांब्याचा बंब असे. त्यात किती पाणी भरावयाचे व किती लाकडे घालावयाची, हे घरातील माणसे अनुभवाने ठरवीत. आता शहरांतील कित्येक इमारतींत सर्व बिऱ्हाडांसाठी मिळून गच्चीवर एकच मोठी टाकी बसवितात आणि तेथून नळाने घरोघर ऊन पाणी पोहोचवितात. ही टाकी लहान पडली, तर शेवटी स्नान करणाऱ्यास थंड पाण्यावर भागवावे लागते. ती वाजवीपेक्षा मोठी असली, तर न लागणारे पाणी तापविण्यात पैसा वाया जातो. म्हणून टाकीचे माप हिशेबाने ठरवावे लागते.

पुण्यासारख्या शहरातील एका इमारतीत १२ बिऱ्हाडे असून प्रत्येकात ४ माणसे आहेत, असे मानावे. एकूण माणसे ४८ झाली. प्रत्येकास स्नानासाठी २० लिटरची एक बादली धरली, तर ९६० लिटर पाणी लागेल. मग टाकी ९६० लिटरची हवी काय? नाही. टाकीतील पाणी सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेले असते. ते तसेच अंगावर घेतले, तर भाजेल. त्यात विसण घालावेच लागते. हिवाळ्यात नळाचे पाणी २० अंशांचे असेल, तर निम्मे ऊन व निम्मे थंड पाणी मिळून ४० अंशांचे सुखद पाणी होते. म्हणजे टाकीतून प्रत्येकासाठी १० लिटर, आणि सर्वांसाठी ४८० लिटर पाणी पुरते.

पाणी मुळातच ४० अंशांपर्यंत तापवून का ठेवू नये, असा प्रश्न कोणी विचारील. कोमट पाणी टाकीत फार वेळ साठून राहिल्यास त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात आणि त्यांच्यामुळे फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. ६० अंशांच्या पाण्यात हे जंतू तग धरत नाहीत.

४८० लिटरांवर हिशेब संपत नाही. टाकीतून ऊन पाणी वरच्या बाजूने बाहेर पडते, तसतसे तळाशी थंड पाणी शिरते. ऊन पाणी हलके असल्याने वर राहते. तथापि दोन्ही जेथे भेटतात, तेथील पाणी कोमट होते. नळांतून वाहतानाही थोडी उष्णता निघून जाते. शिवाय कडाक्याच्या थंडीत नळाचे पाणी १५ अंशांवर उतरले, तर प्रत्येक बादलीस १० ऐवजी ११ लिटरांहून थोडे अधिक ऊन पाणी लागते. या सर्वांसाठी चौथा हिस्सा वाढवून टाकी ६०० लिटरांची धरावी.

आता उष्णतेचा विचार. १ लिटर पाण्याचे तपमान १ अंशाने वाढविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते. ६०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास २४,००० किलोकॅलरी, म्हणजे विजेचे सुमारे २८ युनिट लागतात. हे काम १ तासात उरकावयाचे, तर २८ किलोवॅटचे तापनयंत्र हवे. रात्रीच्या ७ तासांत सावकाश करावयाचे, तर ४ किलोवॅटचे यंत्र पुरते. याउलट १२ घरांतील २ किलोवॅटचे स्वतंत्र गीझर सकाळी एकदम चालू झाले, तर विजेच्या तारांवर २४ किलोवॅटचा भार पडतो. टाकी पाणी साठविते आणि त्याबरोबर वेळही साठविते, असे म्हणता येईल.

अनेक इमारतींत हे काम सूर्याकडे सोपविलेले असते. सूर्य दुपारी तापतो, पण बहुतेकांची स्नाने सकाळी होतात. म्हणून सकाळी लागणारे सर्व पाणी आदल्या दिवशीच तापवून, जाड आवरण असलेल्या टाकीत राखून ठेवावे लागते. ढगाळ दिवसांत विजेचे साहाय्य घेतात.

हिशेब कितीही चोख असला, तरी तो माणसांच्या वागण्यावर अवलंबून असतो. एका घरातील नळ व्यर्थ वाहत राहिला, तर दुसऱ्या घरातील कोणाची तरी बादली थंड राहते. सकाळी सहा वाजता स्नान करणाऱ्यास जसे ऊन पाणी मिळाले, तसेच आठ वाजता शेवटच्या माणसासही मिळावे, यासाठीच हे सारे मोजमाप असते.