मागच्या ॲक्सलची पारख

आंबिवलीवरून जाणाऱ्या लोहमार्गावर, पुढे कसाऱ्याच्या घाटात ३७ फुटांस १ फूट अशी चढण लागते, तेथे गाडीस मागून जादा इंजिने लावण्याचा प्रघात आहे. ओढ-स्पर्धेतील ट्रकास अशी कुमक नसते, आणि मागील घसरगाडीवरचे वजन पुढे सरकत जाऊन प्रतिरोध उत्तरोत्तर वाढत असल्याने त्याची खरी परीक्षा मागच्या ॲक्सलपाशीच होते. सबब, ज्यात गाडीचा भार हाउसिंग पेलते व शाफ्टच्या वाट्यास केवळ पीळ येतो, असा फुल-फ्लोटिंग ॲक्सलच पसंत करावा. पिनियनचे दात ९ व क्राउनचे ४१ असल्यास गुणोत्तर ४.५६ पडते, हबमध्ये आणखी एक घट असेल तर शाफ्टवरचा पीळ तेवढाच हलका होतो. जुना माल घेताना मात्र झाकण उघडून दात पाहिल्याखेरीज विसार देऊ नये.