लव गेली, नेक्टरिन झालं

ऑगस्टमधल्या शनिवारी सकाळी न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या शेतकरी बाजारात, प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या पार्किंगमध्ये, पीचच्या पाट्या लागतात. पिवळ्या गराचे, पांढऱ्या गराचे, बिनलवेचे नेक्टरिन आणि वरून दाबल्यासारखे चपटे. मागच्या उन्हाळ्यात मुंबईहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी यातला एक पिवळा उचलला, देठाच्या खळगीला नाक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अगं, याला हापूसच्या जवळचा वास आहे." आदल्याच आठवड्यात आम्ही इथल्या सुपरमार्केटातून मोठा, लालसर, देखणा केंट आंबा आणला होता. त्याच्या देठाशीही त्यांनी असंच नाक नेलं होतं आणि काही न बोलता तो खाली ठेवला होता.

मला वाटलं, घरची आठवण येतेय त्यांना. पण त्यांचं नाक बरोबर होतं.

पीचला पीचचा वास देणारं मुख्य द्रव्य म्हणजे गॅमा-डेकालॅक्टोन. लॅक्टोन हा सुगंधी रेणूंचा एक गट. फळ पिकताना स्वतःतली मेदाम्लं मोडतं आणि त्यांतून हे रेणू वळवतं. कच्च्या फळात ते जवळजवळ नसतात, पिकलेल्यात अगदी थोडे असले तरी नाकाला कळतात. हापूसच्या वासातही लॅक्टोन आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रोडवरच्या एनसीएलमध्ये, विद्या गुप्ता आणि अशोक गिरी यांच्या गटाने हापूसच्या सुगंधाचा माग वर्षानुवर्षं काढला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात तीन आंबे शेजारी शेजारी ठेवले होते: हापूस, पायरी आणि केंट. हापूसमध्ये लॅक्टोन भरपूर, पायरीत कमी, केंटमध्ये नाहीतच. मेदाम्लांपासून लॅक्टोनकडे जाणाऱ्या वाटेवरची दोन जनुकं त्यांनी वेगळी काढली आणि आंब्याच्याच फळात ती जास्त चालवून पाहिली. काही लॅक्टोन खरोखरच वाढले. सासूबाईंनी देठाशी नाक लावून जे एका श्वासात ओळखलं, ते सिद्ध करायला किती हात लागले असतील, या विचाराने मला आजही भरून येतं. आंबा आणि पीच यांच्यात नात्यागोत्याचा संबंध नाही. एक काजूच्या कुळातला, दुसरा गुलाबाच्या. तरी दोघांच्या स्वयंपाकघरात एकच फोडणी तडतडते.

आता त्या चार पाट्यांकडे वळू. या चारही एकाच जातीच्या झाडाच्या, प्रुनस पर्सिका. नावात पर्शिया असला तरी मूळ चीनमधलं. पीचच्या पेशीत गुणसूत्रांच्या आठ जोड्या असतात. 2013 साली 'लव्हेल' नावाच्या वाणावरून त्याचा संपूर्ण जनुकीय मजकूर वाचून झाला. सुमारे 28 हजार जनुकं निघाली. मग शेतकऱ्याला शतकानुशतकं डोळ्यांनी दिसणारे फरक त्या मजकुरात नेमके कुठे आहेत, हे शोधणं सोपं झालं.

नेक्टरिन घ्या. नेक्टरिन म्हणजे पीच आणि आलुबुखार यांचा संकर, असं मला कित्येकांनी खात्रीने सांगितलं आहे. तसं अजिबात नाही. नेक्टरिन म्हणजे लव नसलेला पीच. लव उगवायला लावणारं एक जनुक आहे, आणि नेक्टरिनमध्ये त्याच्या मधोमध डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा येऊन बसलेला आहे. वाक्याच्या मध्ये दुसऱ्याच पुस्तकाचं पान चिकटावं तसं. जनुक वाचता येत नाही, लव उगवत नाही. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून असं बिघडलेलं जनुक आलं तरच फळ गुळगुळीत होतं. कधी कधी पीचच्या झाडावर एखादीच फांदी नेक्टरिन देते. डार्विनने 1868 सालच्या आपल्या ग्रंथात अशा फांद्यांची उदाहरणं गोळा केली होती. कारण मात्र त्याला कळणं शक्य नव्हतं.

पिवळ्या रंगाची गोष्ट मला याहून विलक्षण वाटते. आपल्याला वाटतं, पांढऱ्या पीचमध्ये रंगद्रव्य कमी बनत असेल. पण पांढरा पीचही पिवळी कॅरोटिनॉइड बनवतो, आणि मग एक विकर ती तोडून टाकतं. ज्या झाडात हे तोडणारं जनुक बिघडलं, त्याचा गर पिवळा राहिला. म्हणजे पांढरा रंग मूळचा, आणि पिवळा हा त्याचा बिघाड. हा बिघाड एकदाच झालेला नाही. त्याच जनुकात तो किमान तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी, स्वतंत्रपणे झाला आहे. प्रत्येक वेळी कुणीतरी फळ फोडलं, आतला सोनेरी गर पाहिला आणि ते झाड तोडायचं नाही असं ठरवलं. 'रेडहेवन' या प्रसिद्ध पिवळ्या वाणाच्या झाडावर पुढे पांढऱ्या गराचा एक फुटवा सापडला. बाकी सगळं सारखं, फरक तेवढाच. या जोडीची तुलना करूनच इटलीतल्या शास्त्रज्ञांना ते जनुक पकडता आलं. तुटलेल्या कॅरोटिनॉइडचे तुकडे सुगंधी असतात. पांढऱ्या पीचला येणारा फुलांसारखा वास काही अंशी त्या मोडलेल्या रंगाचाच आहे.

पांढरा म्हणजे गोड आणि पिवळा म्हणजे आंबट, असं बाजारात सर्रास ऐकू येतं. इथे विकले जाणारे पांढरे बहुतेक कमी आंबट असतात हे खरं, पण रंगाचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे आणि आंबटपणाचं पाचव्यावर. पैदासकाराने ठरवलं तर पिवळा आणि कमी आंबट, पांढरा आणि चांगला आंबट, असे दोन्ही पीच काढता येतात.

असं ठरवणारी माणसं आमच्यापासून फार लांब नाहीत. रटगर्स विद्यापीठाचं क्रीम रिज इथलं फळसंशोधन केंद्र वेस्ट विंडसरहून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. जोसेफ गॉफ्रेडा यांनी तिथे पीच, नेक्टरिन आणि जर्दाळूंची पैदास केली. आपल्याकडे जर्दाळू म्हटलं की सुकवलेला, चामट, आतली बी फोडून खायचा, तोच डोळ्यांपुढे येतो. नाव फारसीतून आलेलं: जर्द म्हणजे पिवळा, आलू म्हणजे आलुबुखार. ताजा जर्दाळू न्यू जर्सीत पिकवणं कठीण. तो इतका लवकर फुलतो की उशिराचं दहिवर मोहोर जाळून टाकतं. पीचचं काम त्या मानाने सोपं, तरी संथच. वसंतात एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलाला लावायचे, बिया रुजवायच्या, साधारण तिसऱ्या वर्षी पहिलं फळ येतं, ते चाखायचं, आणि बहुतेक सगळी झाडं उपटून टाकायची. राहिलेल्या एखाद्याचा डोळा दुसऱ्या रोपावर भरायचा. कोकणात हापूसची कलमं बांधतात त्याच कारणाने: बी लावली तर पोर आईसारखं निघेल याची खात्री नाही.

गर मऊ का होतो, यालाही जनुकं आहेत. आढीत आंबा पिकतो तो इथिलीन वायूमुळे, पीचही तसाच. इथिलीनचा निरोप आला की एक विकर पेशींमधलं पेक्टिन विरघळवतं आणि गर रसाळ होतो. डब्यातल्या पीचच्या फोडी मात्र पाकात महिनोन् महिने आकार धरून राहतात, कारण त्या वाणांत ते विकर धड काम करत नाही. आणखी एक तऱ्हा आहे. ते फळ पिकूनही दगडासारखं कडक राहतं. मऊपणाचं यंत्र त्यात शाबूत असतं, पण पिकताना ऑक्सिन हे संप्रेरक तयार होत नाही, म्हणून इथिलीनच सुटत नाही. बाहेरून इथिलीन द्या, तेच फळ विरघळतं!

चपटा पीच सासूबाईंनी सगळ्यांत शेवटी खाल्ला. अमेरिकेत या चपट्या पीचना लोकप्रिय करणारा 'सॅटर्न' हा वाणही रटगर्सचाच, पूर्वज चिनी. चपटेपणाचं मूळ आहे सहाव्या गुणसूत्राचा एक उलटा झालेला तुकडा. सुमारे 17 लाख अक्षरांचा मजकूर उपटून उलट्या दिशेने परत चिकटवलेला. एका पालकाकडून असं गुणसूत्र आलं तर फळ चपटं. दोघांकडूनही आलं तर झाड वाढतं, फुलतं, पण फळं लहान असतानाच गळून पडतात. म्हणून बाजारातला प्रत्येक चपटा पीच मिश्र असतो: एक गुणसूत्र चपट्याचं, एक गोलाचं.

खाऊन झाल्यावर त्यांनी चपट्या पीचच्याच चार बिया धुतल्या, टॉवेलवर वाळवल्या आणि ऑक्टोबरमध्ये मागच्या अंगणात पुरायला लावल्या. थंडी खाल्ल्याशिवाय पीचची बी रुजत नाही, आणि ती इथे भरपूर आहे. मे महिन्यात दोन कोंब वर आले. झाडाने स्वतःच्याच परागाने फळ धरलं असेल, आणि पीच बहुतेकदा तसंच करतो, तर प्रत्येक बीला चारात दोन संधी चपट्याच्या, एक गोलाची, एक फळ गाळणाऱ्या झाडाची. दोनच कोंबांत हा हिशेब बसेलच असं नाही. आता ते माझ्या गुडघ्यापर्यंत आले आहेत. हरणांपासून वाचवायला भोवती जाळी लावली आहे, आणि दर रविवारी फोनवर सासूबाईंचा पहिला प्रश्न त्यांच्याविषयीच असतो.