ज्वाळा संगणकाला जशीच्या तशी दिसत नाही

बेळगाव-निपाणी महामार्गालगत हत्तरगीला विमानांचे सुटे भाग तयार होतात आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे. त्यामुळे विमानाच्या इंजिनात असणारं गॅस टर्बाइन हा विषय सीमाभागातल्या तरुण अभियंत्यांना परका नाही. मात्र सॉफ्टवेअरमध्ये आराखडा भरला की ज्वलनकक्षातली ज्वाळा पडद्यावर हुबेहूब उमटते, हा समज फार पक्का आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. तिथला प्रवाह प्रक्षुब्ध असतो; मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहान फुटून आणखी बारीक. प्रवाह किती प्रक्षुब्ध होईल हे दर्शवणारा रेनॉल्ड्स अंक १ लाख असेल, तर सगळ्यांत बारीक भोवरा पकडायला ढोबळमानाने १८ हजार कोटी बिंदूंवर गणित करावं लागतं. त्यात प्रत्येक बिंदूवर रसायनशास्त्र आलंच: नैसर्गिक वायूच्या ज्वलनासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध रासायनिक आराखड्यात ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत. रोजच्या संकल्पनाच्या कामात हे झेपत नाही. म्हणून बारीक भोवरे सोडून देतात आणि त्यांचा परिणाम सूत्राने, म्हणजेच मॉडेलने, धरतात.

बारीकसारीक सोडून सरासरी तापमान घेतलं तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. नायट्रोजन ऑक्साइडचं उदाहरण पाहा. हा प्रदूषक ज्या मुख्य अभिक्रियेतून बनतो, तिचा वेग तापमानाबरोबर भयंकर झपाट्याने वाढतो. एखाद्या ठिकाणी अर्धा वेळ १५०० आणि अर्धा वेळ २१०० केल्विन असेल, तर सरासरी १८०० येते. पण अभिक्रियेचा खरा सरासरी वेगांक १८०० केल्विनच्या वेगांकाच्या सुमारे दहापट निघतो. सरासरीवर विसंबलेलं टर्बाइन कागदावर स्वच्छ आणि चाचणीत प्रदूषक ठरेल. भोवऱ्यांच्या मॉडेलची सगळी कसोटी इथे लागते.

मग हे सगळे अंदाजच, चाचणीच का करू नये? चाचणी करावीच लागते. पण उच्च दाबाच्या ज्वाळेत मोजमाप मोजक्याच जागी घेता येतं. कुठे मोजायचं आणि कोणता आराखडा आधीच बाद करायचा, हे गणित सांगतं. हे गणित म्हणजे फक्त परदेशी मंडळींची मक्तेदारी, हाही समज सोडावा. १९७१मध्ये ब्रिटिश अभियंते स्पाल्डिंग यांनी ज्वलनाचा वेग भोवरे फुटण्याच्या वेगाशी जोडला. १९७२मध्ये त्यांच्यासोबत ‘सिंपल’ ही वेग आणि दाब यांची सांगड घालणारी पद्धत मांडली ती पुण्यात शिकलेल्या सुहास पाटणकरांनी. आजही अनेक सॉफ्टवेअरमध्ये ती वापरतात. शिवाय अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या मिथेन ज्वाळांची तपशीलवार मोजमापं सर्वांना खुली आहेत. आपलं मॉडेल आधी त्यांच्याशी ताडून पाहणं बेळगावच्या विद्यार्थ्यालाही शक्य आहे.