लवणभास्कर चूर्ण : अग्नीला हितकर, परंतु मोजूनच

खांदेरीसमोरील थळच्या किनाऱ्यावर रुग्णपरीक्षण करताना आहाराची विचारणा प्रथम करावी लागते. खारवलेली सुकी मासळी नित्याच्या जेवणात असली, म्हणजे मिठाचे प्रमाण मुळातच अधिक. त्यात पोट फुगले की वैद्यास न विचारता लवणभास्कर घेतले जाते. ‘चूर्णच ते, अपाय कसला?’ हा समज दूर करणे आपले कर्तव्य आहे.

शार्ङ्गधरोक्त पाठात सामुद्र, सौवर्चल, बिड व सैंधव ही चार लवणे मिळून ४१ पैकी १७ भाग भरतात. म्हणजे ३ ग्रॅम चूर्ण दोन वेळा घेणाऱ्याच्या पोटात केवळ औषधातून सुमारे अडीच ग्रॅम लवण जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात पिप्पली, क्षार व लवण यांचे अतिसेवन निषिद्ध मानले आहे. या कल्पात पिप्पली व लवण दोन्ही आहेत. म्हणून उच्च रक्तदाब, शोथ, हृद्रोग वा वृक्कविकार असल्यास तो टाळावा. हिंग्वष्टकात सैंधव अष्टमांश असले, तरी तेथेही विचार हवाच. इतरांस मंदाग्नीत १ ते ३ ग्रॅम, ताज्या ताकाबरोबर, थोडेच दिवस द्यावे.

सागरी दमट हवेत चूर्णास ओल धरते. ते घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावे. शार्ङ्गधरांच्या मते दोन महिन्यांनी चूर्ण हीनवीर्य होते.

छातीत दाब, काळे मल वा अकारण वजनघट आढळल्यास चूर्ण देत न बसता तत्काळ तपासणी करवावी. रक्तदाब मोजल्यावाचून लवणभास्कर देऊ नये, हा नियम प्रत्येक वैद्याने पाळावा.